काळी, पांढरी आणि नायट्रेट

वागळे इस्टेटमध्ये बसून वर्धा जिल्ह्यातल्या विहिरींचा अभ्यास करायचा, हे ऐकून बरेच जण हसतात. खिडकीबाहेर रोड नंबर सोळावरचे टेम्पो, समोरच्या आयटी पार्कातून चहाला उतरलेली मुलं, आणि स्क्रीनवर कपाशीचे तालुके. पण संगणकाला कुठेतरी बसवावंच लागतं, आणि आमच्या छोट्या सल्लागार कंपनीला भाड्याने परवडेल असा गाळा इथेच मिळाला. मुळात तो कसल्यातरी इंजिनिअरिंगच्या कारखान्याचा. फरशीवर यंत्रांच्या पायाचे बोल्ट कापल्याच्या खुणा अजून आहेत आणि खुर्चीचं चाक नेमकं तिथे अडतं.

मी भूशास्त्राची. राहते डोंबिवलीत. आमच्या कामाचं नाव लांबलचक आहे, पण सोप्या भाषेत सांगायचं तर जमीन कशी वापरली जाते यावरून तिच्या पोटातल्या पाण्यात नायट्रेट किती उतरेल, याचा अंदाज बांधायचा. प्रत्येक विहिरीचं पाणी तपासणं शक्य नसतं. काही विहिरींचं तपासायचं, त्यांच्या आसपासची माती, पाऊस, खडक, पिकं, वस्ती यांच्याशी त्याचं नातं शोधायचं, आणि त्या नात्याच्या जोरावर न तपासलेल्या ठिकाणांचा नकाशा रंगवायचा. हिरवा, पिवळा, लाल.

या कामात भूवापराचा नकाशा हा पाया. आणि त्या नकाशावर पहिला अविश्वास निर्माण केला तो वागळे इस्टेटनेच. १ ऑगस्ट १९६२ रोजी एमआयडीसीचा जन्म झाला, तो याच ठिकाणी, मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांच्या उपस्थितीतल्या एका छोटेखानी समारंभाने. त्याआधी ही येऊरच्या डोंगरपायथ्याची शेतजमीन. नंतर कारखाने, मग बंद कारखाने, मग काचेच्या इमारती. मध्येच आयटीआय, पासपोर्टचं कार्यालय, रायलादेवीचा तलाव, किसननगरच्या दाटीच्या चाळी. तलाव सोडला तर उपग्रहाच्या नकाशात हे सगळं मिळून एकच रंग: बांधकामाखालील जमीन. उपग्रहाला छप्पर दिसतं. छपराखालच्या संडासाचं पाणी गटारवाहिनीत जातं, सेप्टिक टाकीत की नाल्यात, हे त्याला दिसत नाही. नायट्रेटच्या दृष्टीने तर सगळा फरक तिथेच आहे.

आता वर्ध्याकडे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या भूजल गुणवत्ता अहवालात देशभरच्या सुमारे २० टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर होतं. महाराष्ट्रात हे प्रमाण ३५.७४ टक्के. सर्वांत जास्त त्रास असलेल्या पंधरा जिल्ह्यांची जी यादी त्यात आहे, तिच्यात सात आपले: वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव, यवतमाळ. कोकणातला एकही नाही. हा मुद्दा लक्षात ठेवावा, पुढे लागेल.

मर्यादा म्हणजे लिटरला ४५ मिलिग्रॅम. भारतीय मानकात तिला सवलत नाही. दुसरा स्रोत नसेल तर थोडं जास्त चालेल, अशी मुभा इतर काही घटकांना आहे, नायट्रेटला नाही. या आकड्याचं मूळ अमेरिकेत आहे. १९४५ साली आयोवा राज्यात हंटर कोमली या डॉक्टरांनी शेतावरच्या विहिरींच्या पाण्यात दूध कालवून पाजलेली बाळं निळसर पडतात, असं नोंदवलं. नायट्रेटचं पोटात नायट्राइट होतं आणि ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहू देत नाही. पुढे १९५१ साली तिथल्या राज्यांमधल्या अशा नोंदी गोळा केल्यावर नायट्रोजनच्या हिशेबात लिटरला १० मिलिग्रॅमच्या खाली एकही बाळ सापडलं नाही. म्हणून १०. नायट्रेटच्या हिशेबात तेच ४४ च्या वर जातं, म्हणून ४५. हा ४.४३ चा गुणक आमच्या धंद्यातला चोर आहे. एक प्रयोगशाळा 'नायट्रेट' म्हणून आकडा देते, दुसरी 'नायट्रेट-नायट्रोजन' म्हणून, आणि एक्सेलच्या रकान्याच्या डोक्यावर दोन्हीकडे नुसतं 'नायट्रेट' लिहिलेलं असतं. जुन्या नोंदी हातात आल्या की आम्ही आधी रसायनशास्त्र बघत नाही, रकान्याचा मथळा कुणी लिहिला ते शोधतो.

या कामाची जुनी, सर्वपरिचित पद्धत म्हणजे ड्रॅस्टिक. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेसाठी १९८७ मध्ये ती मांडली गेली. सात गोष्टींना गुण द्यायचे: पाण्याची खोली, पुनर्भरण, जलधर, माती, उतार, वरच्या कोरड्या थराचा प्रकार आणि खडकाची वाहकता. पाण्याची खोली आणि कोरडा थर यांना ५ चं वजन, पुनर्भरणाला ४, उताराला बिचाऱ्याला १. बेरीज जास्त, म्हणजे भूजल प्रदूषणाला जास्त उघडं. मूळ पद्धतीत जमिनीचा वापर नाहीच. नंतरच्या लोकांनी तो आठवा म्हणून जोडला. पद्धत सोपी आहे, निविदांमध्ये तिचं नाव असतं, आणि विद्यार्थी तिच्यावर प्रबंध लिहितात. पण ती जशीच्या तशी महाराष्ट्रावर टाकली, तर कोकण लालभडक आणि वर्धा फिकट येतो. पाऊस जास्त म्हणजे पुनर्भरण जास्त, म्हणजे गुण जास्त. प्रत्यक्षात यादीत वर्धा आहे आणि कोकण नाही.

याचं कारण एका युरियाच्या गोणीवर समजतं. सध्याची गोणी ४५ किलोंची, तिच्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे वीस किलोंच्या थोडं वर. समजा दर हेक्टरी एक गोणीभर नत्र पिकाच्या मुळांना चुकवून खाली उतरलं. ठाण्यात वर्षाला साधारण २,५०० मिलिमीटर पाऊस. त्यातला दहावा हिस्सा जमिनीत मुरला असं धरलं, तर हेक्टरी २,५०० घनमीटर पाणी. वीस किलो त्यात विरघळले की लिटरला ८ मिलिग्रॅम नत्र, म्हणजे ३५ मिलिग्रॅम नायट्रेट. मर्यादेच्या आत. तीच गोणी वर्ध्यात. पाऊस हजार मिलिमीटरच्या आसपास, मुरणारं पाणी हेक्टरी १,००० घनमीटर, आणि नायट्रेट लिटरला ८९. मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट. शेतकरी तोच, खत तेवढंच, हलगर्जीपणाही सारखाच. फक्त आभाळ वेगळं. शिवाय भाताच्या खाचरात पाणी साचून राहतं, प्राणवायू संपतो आणि तिथले जिवाणू नायट्रेटचा पुन्हा वायू करून हवेत सोडून देतात. कोकणाला ही दुसरी सवलत.

म्हणून आम्ही ड्रॅस्टिक बाजूला ठेवलं आणि दोन गोष्टी केल्या. एक, वर केला तसाच वजाबाकी-भागाकाराचा ताळेबंद, पण शेतागणिक. दुसरी, रँडम फॉरेस्ट नावाची संगणकीय रीत: तपासलेल्या विहिरींचे आकडे आणि त्यांच्याभोवतीची सगळी माहिती यंत्राला द्यायची, आणि कशाचा कशाशी संबंध आहे हे त्यालाच शोधू द्यायचं. पिकांची माहिती उपग्रहाच्या चित्रांवरून आणि ई-पीक पाहणीच्या नोंदींवरून. ही पाहणी २०२१ पासून शेतकरी स्वतः मोबाइलवर करतात, आणि तिच्यातल्या गमतीजमती हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

ताळेबंदाने सांगितलं की कपाशी-सोयाबीनच्या शेतांमध्ये नायट्रेट जास्त सापडेल, गावांत कमी. कारण आमच्याकडे आलेल्या तक्त्यात 'बांधकामाखालील जमीन' या वर्गाला नत्राचा भार नगण्य दिला होता. तक्ता परदेशी अभ्यासांवरून घेतलेला. तिथल्या वस्तीखाली गटारवाहिनी गृहीत असते. यंत्राने मात्र उलट सांगितलं. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणून त्याने वर आणली ती गावठाणापासूनचं अंतर. विहीर गावाच्या जितकी जवळ, तितकं नायट्रेट जास्त. खताचा क्रमांक बराच खाली.

आमच्या जीआयएसवाल्या मुलाला यंत्र बिघडलं असं वाटलं. मी जुन्या कागदांकडे गेले. आपल्याकडे महसुलाच्या भाषेत गावाचे दोनच भाग असत: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे लागवडीची जमीन, पांढरी म्हणजे गावठाण. ही वाटणी कुठल्याही उपग्रहाच्या वर्गीकरणापेक्षा नायट्रेटच्या जास्त कामाची आहे, असं माझं ठाम मत झालंय. पांढरीवर शेकडो वर्षं माणसं राहिली, गुरं बांधली गेली, चुलीची राख टाकली गेली, शेणमूत मुरलं. ती माती राखाडी, भुसभुशीत आणि नत्राने भरलेली. पुरातत्त्वज्ञ प्राचीन वस्ती शोधायला पांढरीच्या टेकाडांकडे जातात, आणि शेतकरी त्याच टेकाडांची माती खत म्हणून गाड्या भरून शेतात नेतात. दोघांची गरज वेगळी, पण खूण एकच. उत्तर भारतात तर हीच गोष्ट धंदा होती. बिहारमध्ये नोनिया लोक जुन्या वस्त्यांची माती पाण्यात धुऊन, ते पाणी आटवून सोरा काढत, आणि तो सोरा बंदुकीच्या दारूसाठी थेट युरोपात जाई. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. मातीतून ते धुऊन काढायला लोक भांडी मांडत होते. आपल्याकडे हेच काम पाऊस फुकट करतो, आणि ते भांड्याऐवजी विहिरीत जातं.

हे पडताळायला आम्ही वर्ध्यातल्या एका गावात गेलो, तेव्हा पावसाळा नुकताच संपला होता. गाव कोणतं ते सांगत नाही. चावडीजवळ बांधीव विहीर, तिच्यापासून हाकेच्या अंतरावर उकिरडा, उकिरड्याला लागून गोठे. एक मावशी पाणी भरायला आल्या होत्या. आमच्या बाटल्या, बर्फाचा डबा, मीटर बघून विचारू लागल्या, "काय सापडते तुम्हाले यात?" नायट्रेटला चव नाही, वास नाही, रंग नाही, सांगायचं काय? खत पाण्यात उतरतं, ते मोजतोय, म्हटलं. "पाणी तर गोड हाय आमचं. सारं गाव इथूनच नेते. अन् लेकराले आम्ही उकळूनच देतो." उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट मरत नाही, पाणी आटतं आणि ते उलट दाट होतं. बाळाला या विहिरीचं देऊ नका, नळाचं द्या, एवढंच सांगितलं. त्यांनी नळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. नळ कधी येतो हे त्यांना माहीत होतं, मला नव्हतं.

तिथेच शेतातल्या विहिरीही तपासल्या. त्यांत नायट्रेट होतं, काही ठिकाणी मर्यादेबाहेरही, पण गावातल्या विहिरीच्या मानाने कमी. यंत्र बिघडलेलं नव्हतं. एक गोष्ट मात्र त्याच्या उत्तरात लपलेली होती: त्याला दिलेल्या बहुतेक विहिरी गावालगतच्याच होत्या. साहजिक आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची माणसं जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चारदा निरीक्षण विहिरींची पातळी मोजतात. त्या विहिरी रस्त्यावरून पोहोचता येईल अशाच निवडाव्या लागतात. पिण्याच्या पाण्याची तपासणी तर गावातच होणार. मग यंत्राला शेत फारसं दिसलंच नाही, आणि ज्याला गाव जास्त दाखवलं त्याने गावाला दोष दिला. त्यामुळे शेतीला निर्दोष ठरवायची घाई नको. काळ्या मातीची एक खोड आहे. उन्हाळ्यात तिला हात-हातभर भेगा पडतात. पावसाळा सुरू होताना जमिनीतले जिवाणू जागे होतात, उन्हाळाभर पडून असलेल्या काडीकचऱ्यातलं नत्र नायट्रेटच्या रूपात मोकळं होतं, पीक अजून उगवायचंय, मुळं नाहीत. अशा वेळी पहिले मोठे पाऊस भेगांमधून सरळ खाली जातात. त्यात पेरणीबरोबर दिलेलं खत. चिकणमातीच्या कणांवर ऋण प्रभार असतो आणि नायट्रेटवरही ऋणच, म्हणून अमोनियमला धरून ठेवणारी आपली प्रसिद्ध काळी माती नायट्रेटला धरत नाही. जुलैत खत वाहून गेलं असं शेतकरी म्हणतात, ते नाल्यात गेलं असं त्यांना वाटतं. काही नाल्यात जातंही.

मग मैला आणि खत यांत फरक कसा करायचा? आमच्याकडे दोन वाटा होत्या. एक स्वस्त: क्लोराइड. माणूस मीठ खातो, ते लघवीतून बाहेर पडतं, म्हणून मैल्याच्या पाण्यात नायट्रेटबरोबर क्लोराइडही चढतं. अडचण अशी की म्युरेट ऑफ पोटॅश हे खत म्हणजेही पोटॅशियम क्लोराइडच, त्यामुळे ज्या शेतात पोटॅश पडतं तिथे हा साक्षीदार फितूर होतो. दुसरी महाग: नत्राचे समस्थानिक. युरियातलं नत्र हवेतून घेतलेलं, म्हणून त्याची खूण हवेच्या जवळ, शून्याच्या आसपास राहते. मैल्या-शेणातलं हलकं नत्र अमोनिया होऊन उडून जातं आणि मागे जड उरतं, खूण बरीच वर सरकते. ही तपासणी थोड्याच नमुन्यांना परवडली. गावातल्या नमुन्यांनी शेण-मैल्याकडे बोट दाखवलं. शेतातल्या नमुन्यांचं उत्तर मिश्र होतं, आणि त्यात मला आश्चर्य वाटलं नाही. शेणखतही शेतातच पडतं.

याच ठिकाणी एक अवघड विषय येतो, आणि तो बोलताना जीभ चाचरते. २ ऑक्टोबर २०१४ पासून गावोगाव शौचालयं बांधली गेली, बरीचशी दोन शोषखड्ड्यांची. त्याआधी लोक शेतात, ओढ्याकाठी जात. त्यातलं नत्र विखुरलेलं असे, पिकं आणि झाडं ते घेत. आता तेच गावठाणात, घराशेजारी, जमिनीखाली पाच-सहा फुटांवर, मुरमाच्या तोंडाशी सोडलं जातं. कॉलरा, हगवण, बायकांची अंधारातली कुचंबणा यांच्यापुढे नायट्रेट म्हणजे किरकोळ तक्रार, याबद्दल मला शंका नाही. शौचालयं हवीतच. पण भूवापराच्या नकाशात २०१४ च्या आधीचं गाव आणि नंतरचं गाव एकाच रंगाचं आहे, आणि त्याखालचं पाणी एकसारखं राहिलेलं नाही, हेही खरं.

शहरातला माणूस यातून सुटलेला आहे असं मानू नये. प्रत्येक माणूस वर्षाला साधारण चार किलो नत्र शरीराबाहेर टाकतो. हेक्टरी शंभर माणसं धरू. ठाण्यात ही संख्या विरळ म्हणायची. चारशे किलो झाले. गटारांतून आणि सेप्टिक टाक्यांतून त्याचा नुसता विसावा भाग जमिनीत गळला, तरी वीस किलो. पुन्हा तीच युरियाची गोणी, दर हेक्टरी, दर वर्षी, आणि पीक शून्य. दाट चाळींच्या वस्तीसाठी याला कितीने गुणायचं ते वाचकांनी करून बघावं. शहराला वाचवतो तो पाऊस आणि धरणाचं पाणी. बोअरचं पाणी आपण प्यायला वापरत नाही, संडासात आणि गाड्या धुवायला वापरतो, म्हणून कुणी विचारत नाही. विचारायला हवं, कारण डोंबिवलीत उन्हाळ्यात सोसायटीत टँकर आला की तो धरणाचा की बोअरचा, हे ड्रायव्हर सांगेल तेच खरं. रोज लोकलमधून दिव्याच्या अलीकडेपलीकडे रुळांकाठचे पालक-मेथीचे हिरवेगार वाफे दिसतात. ते नाल्याच्या पाण्यावर वाढतात म्हणून आपण नाक मुरडतो. नत्राच्या हिशेबात मात्र ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात मैल्यातलं नत्र वापरून टाकणारी ही जवळजवळ एकमेव जागा आहे. ती भाजी खावी असं मी म्हणत नाही. मी खात नाही.

अहवाल सादर करायच्या बैठकीत सरळ प्रश्न आला: जबाबदार शेतकरी की संडास? टक्क्यांत सांगा. टक्के देता आले असते, यंत्र काहीही देतं. आम्ही तालुक्यासाठी एक आकडा दिला नाही. गावठाणाभोवतीच्या पट्ट्याचा आणि शेतीचा वेगळा हिशेब दिला, आणि शेतीच्या बाजूला विहिरी कमी असल्यामुळे तिथला अंदाज कच्चा आहे असं लिहिलं. ते वाक्य कुणाला आवडलं नाही. नकाशातला लाल रंग जरा कमी भडक करता येईल का, अशीही सूचना आली. रंग आम्ही बदलला, वर्गांच्या सीमा बदलल्या नाहीत.

कामाच्या अटींत फक्त खताचे पर्याय होते: युरिया दहा टक्के कमी केला तर काय, वीस टक्के केला तर काय. त्याचं उत्तर हळू असतं. डेन्मार्कने १९८७ मध्ये पाण्यासाठी कृती आराखडा केला, शेतातलं जादा नत्र खरोखर कमी केलं, आणि त्यांच्या भूजलात उतार दिसला तो पाण्याचं वय मोजून, कोणत्या साली मुरलेलं पाणी हे वेगळं काढल्यावर. जुनं पाणी अजून जुन्या खताची कथा सांगत होतं. आपल्या उथळ विहिरींचं पाणी एवढं जुनं नसतं, खोल बोअरचं असू शकतं. गावठाणात मात्र उकिरडा हलवला, गोठ्याचं पाणी वळवलं, खड्डा विहिरीपासून दूर केला, तर उथळ विहिरीत काही पावसाळ्यांतच फरक पडावा असं आमचं गणित सांगत होतं. हा पर्याय अटींबाहेर होता. तो आम्ही ऑफिस सुटल्यावर चालवला आणि परिशिष्ट 'क' म्हणून जोडला. सर्वेक्षकांच्या फॉर्मात तीन प्रश्नही वाढवले: संडासाचं पाणी कुठे जातं, उकिरडा कुठे आहे, गुरं किती.

परिशिष्ट कुणी उघडलं याची पोच आली नाही. बऱ्याच महिन्यांनी तिकडच्या एका ग्रामसेवकांचा फोन आला, शोषखड्डा विहिरीपासून नेमका किती दूर हवा म्हणून. कागदावर पंधरा मीटर लिहितात, मी म्हटलं, पण फटींच्या खडकात त्यावर विसंबू नका. तुमच्या विहिरीत मुरूम किती फुटांपर्यंत आहे आणि झरा कोणत्या अंगाने येतो, ते आधी सांगा. ते म्हणाले, थांबा, विहीर खणलेला म्हातारा इथेच आहे, त्यालाच फोन देतो.